वर अडकलेले आप्पा

चांगली मुलं वडिलांचं नाव वर काढतात. मी वडिलांनाच वर काढलं, आणि ते वरच अडकले.

साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता आणि आमचं गाव शहाद्याच्या खाली, तापीच्या काठावर. (आता जिल्हा नंदुरबार झाला. गाव जागेवरच आहे. तापी तेवढी अलीकडे सरकली.) आम्ही गुजर, पिढ्यान्‌पिढ्या केळी लावणारे. त्यातही माझे वडील, म्हणजे आप्पा, यांचा जीव नदीकाठच्या मळ्यात. पोटच्या पोराकडे त्यांनी जेवढं पाहिलं नसेल, तेवढं केळीच्या कोंबाकडे पाहिलं. ही तक्रार नाही. कोंब खरंच माझ्यापेक्षा चांगले वाढत होते.

त्या वर्षी अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. धिप्पाड माणूस, पण एका सकाळी खाटेवरून उठताच येईना. तोंड वाकडं झालं, आणि शब्द निघायचा तो एखादाच, तोही गुळाच्या ढेपेतून ओढून काढल्यासारखा. शहाद्याचे डॉक्टर येऊन गेले. जाताना मला बाहेर बोलावून म्हणाले, "जपा. यांना कसलाही धक्का बसता कामा नये."

डॉक्टरांनी हे आम्हाला सांगितलं. तापीला कोणी सांगितलं नाही.

भादव्यात पूर आला. पाणी उतरल्यावर मी मळ्यात गेलो, तर मळाच नव्हता! काठ सुरीनं कापावा तसा सरळ कापून गेलेला. बांध गेला, विहीर गेली, विहिरीवरचं लिंबाचं झाड गेलं. केळीची खोडं नदीतून सुरतेच्या दिशेनं निघालेली, काही तर उभीच्या उभी, पाहुण्यांकडे निघाल्यासारखी. मी काठावर बसून राहिलो. रडावं की पळत जाऊन एखादं तरी खोड धरावं, काही कळेना.

घरी आलो तेव्हा आप्पांनी खाटेवरून नजरेनंच विचारलं. मी म्हणालो, "पानी उतरी गयं, आप्पा. मळा बेस शे."

'मळा ठीक आहे' या थापेपासून आमच्या घरात नाटक कंपनी सुरू झाली. मी, माझी आई (आम्ही तिला माय म्हणायचो), बायको कमळ आणि आप्पांचे धाकटे भाऊ रतनकाका, असे चार नट आणि खाटेवर एक प्रेक्षक. शहाद्याच्या बाजारातून केळी आणायची आणि "आपला मळाम्हाईन उन्यात", आपल्याच मळ्यातून आली, असं म्हणून आप्पांपुढे ठेवायची. आप्पा केळ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग तोंड भिंतीकडे करायचे. दिवाळीपर्यंत तर त्यांनी खाणंच टाकल्यासारखं केलं. माय ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची. तिन्हीसांजेला घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. कमळ भांडी घासायची तीसुद्धा चोरून घासल्यासारखी.

अशा घरात माणसानं काय करावं? मी यंत्र दुरुस्त करायला घेतलं!

आता या यंत्राबद्दल. कालव्याचं काम आटोपून निघालेल्या एका ठेकेदाराकडून मी एक जुना ट्रॅक्टर घेतला होता. त्याच्या पुढे दोन लोखंडी हात, आणि हातांच्या टोकाला माती उकरून उचलायचं भलंमोठं लोखंडी सूप. तेलाच्या दाबावर हात वर जायचे, तेल सोडलं की खाली यायचे. याला हायड्रॉलिक म्हणतात हे मी गावात इतक्यांदा सांगितलं होतं की लोक मलाच मागून हायडोलिक म्हणायला लागले होते. आप्पांना ते यंत्र मुळीच पसंत नव्हतं. आजारी पडण्याआधी ते त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले होते, "हाई मळाम्हा लई जाऊ नको." म्हणजे, हे मळ्यात नेऊ नको.

यंत्राला एक खोड होती. सूप वर नेऊन ठेवलं की ते कीर्तनात बसलेल्या म्हाताऱ्यासारखं हळूहळू मान टाकायचं. कुठून तरी तेल झिरपत होतं. मेकॅनिक बोलवायचा तर धुळ्याहून. मी कॉलेजात एक वर्ष विज्ञान शाखेत काढलं होतं (दुसरं वर्ष त्यांनी काढू दिलं नाही). म्हटलं, आपणच करू!

खळ्यात यंत्र लावलं आणि नळ्या सोडायला सुरुवात केली. रतनकाका ओट्यावर बसून बघत होते. रतनकाकांचा स्वभाव असा की लग्नाच्या मांडवात गेले तरी मांडव कुठून पडेल ते आधी बघून ठेवायचे.

"काय करी ऱ्हायना, हिरा?"

"हायड्रॉलिक खोली ऱ्हायनू, काका."

"खोलशी तं खरं. पन बंद करता यी का?"

 त्याच क्षणी नळीतलं तेल माझ्या सदऱ्यात शिरलं. मी ओरडलो, "भांडं आना!" कमळनं हाताला लागलं ते आणलं. ते नेमकं मायचं लग्नातलं पितळी पातेलं निघालं! काळंकुट्ट तेल त्यात पडायला लागलं तशी माय दारात येऊन उभी राहिली. पातेल्याकडे बघून तशीच आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आतले वायसर झिजले होते. नवे मिळणार कुठे? मी गावात चामडं कापून घेतलं आणि स्वतः कात्रीनं गोल केले. (जवळजवळ गोल.) जुनं तेल गाळायला कमळचं एक जुनं लुगडं घेतलं. त्याचे धागे तेलात गेले असतील हे मला सुचलं, पण फार उशिरा. गाळून झाल्यावर बघतो तर तेल निम्मं उरलेलं. बाकीचं खळ्यात, सदऱ्यात आणि रतनकाकांच्या धोतरावर. आता भर कशाची घालायची? दाट तेल हवं. मग मला एकदम आठवलं: एरंडेल!

शहाद्याला ओळखीच्या मारवाडी शेठजींच्या दुकानात गेलो.

"शेठ, एरंडेल द्या. डबा भरून."

शेठजींनी चष्मा वर केला. "डबा भर के? हिराभाई, घर में तकलीफ किसको है?"

"कोणाला नाही. यंत्राला पाहिजे."

शेठजी दुःखानं हसले. घरातलं दुखणं लपवणाऱ्या माणसांकडे बघून जाणती माणसं हसतात तसं. "समझ गया," ते हळूच म्हणाले. "आप्पाजी को मेरा राम राम बोलना. कितने दिन से बंद है?"

मी घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली होती. संध्याकाळी चार म्हातारे काठ्या टेकत आले आणि आप्पांच्या खाटेशी बसून त्यांच्या पोटाकडे बघायला लागले. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "डबाभर दिन्हं तं मानूस हातना जाई रे, भाऊ. थोडं थोडं दे."

असो. मी तेल भरलं, नळ्या आवळल्या, इंजिन चालू केलं, दांडा ओढला. सूप वर गेलं! वर थांबलं! मान टाकली नाही! मी खळ्यात एकटाच टाळ्या वाजवल्या. घरात इतके दिवस काहीच बरं झालं नव्हतं. निदान हे तरी झालं, असं वाटून माझे डोळे भरून आले. (एरंडेलाचा हात डोळ्याला लागला होता, ते एक कारण.)

आणि इंजिनाचा तो आवाज ऐकून आप्पा बोलले. कित्येक दिवसांनी. माय धावत मला बोलवायला आली. मी आत गेलो. आप्पांनी डावा हात उचलून नदीच्या दिशेला केला.

"दा... खाड."

मळा दाखव!

आम्ही चौघं स्वयंपाकघरात जमलो. माय पदर तोंडाशी धरून बसली. कमळ म्हणाली, "आते सांगी टाका खरं काय ते. कितला दिन लपाडशात?"

"डॉक्टर काय म्हनना ते इसरनी का?" माय म्हणाली. "धक्का बसना तं?"

रतनकाका म्हणाले, "बसावाच शे. आज बस काय, सकाय बस काय."

तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली. आमच्या खळ्याला पुरुषभर उंचीची भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या भिकाभाऊंची केळी, हिरवीगार. सुपात गादी घालायची, आप्पांना बसवायचं, भिंतीच्या वर जेमतेम डोकं निघेल एवढं उचलायचं. भिकाभाऊंची केळी दिसेल. "तो देखा आपला मळा" म्हणायचं आणि खाली घ्यायचं. लांबून केळ ते केळ. त्यावर काय नाव लिहिलेलं असतं?

"आयका," कमळ म्हणाली, "पहिले रिकामं सूप दोन-चार सावा वर-खाले करी देखा."

"मी सोताना हातथीन बांधेल शे ते!"

"तेन्हामुयेच सांगी ऱ्हायनू," रतनकाका म्हणाले.

थंडीचे दिवस, ऊन छान पडलेलं. आम्ही सुपात गादी घातली, दोन लोड लावले, आप्पांना चौघांनी उचलून आत बसवलं आणि अंगावर घोंगडी टाकली. सूप मागे थोडं कललेलं, त्यामुळे ते आरामखुर्चीत बसल्यासारखे दिसत होते. चेहरा मात्र फोटो काढताना होतो तसा. मी इंजिन चालू केलं. दांडा ओढला. आप्पा हळूहळू वर निघाले. गुडघाभर. कमरेएवढे. भिंतीएवढे. भिकाभाऊंच्या केळीची पानं दिसली.

"तो देखा आप्पा, आपला म..." मी दांडा सोडला.

दांडा परत आला नाही.

मी ढकलला. हलेना. दोन्ही हातांनी ढकलला. लाथ मारली. आत चामड्याचे तुकडे, लुगड्याचे धागे आणि थंडीनं घट्ट झालेलं एरंडेल यांचा जो लगदा झाला होता, त्यात तो दांडा रुतून बसला होता. आणि आप्पा वर चालले होते. भिंतीच्या वर. गोठ्याच्या वर. घराच्या कौलांच्या वर!

"थांबाड! थांबाड!" माय ओरडली.

मी इंजिन बंद केलं. सूप थांबलं, अगदी टोकाला, जिथून पुढं वर जायला लोखंडच शिल्लक नव्हतं. खाली मात्र येईना. मी इतकी चांगली दुरुस्ती केली होती की तेलाचा एक थेंब झिरपत नव्हता!

आणि तेवढ्या उंचीवरून आप्पांना भिकाभाऊंची केळी दिसली, केळीपलीकडचा ऊस दिसला, आणि उसापलीकडे, जिथं आमचा मळा असायचा तिथं, ऊन पडून चकाकणारं तापीचं पाणी दिसलं.

खाली आम्हाला फक्त सुपाचं बूड दिसत होतं. 

"आप्पा?" मी हाक मारली. उत्तर नाही. "आप्पा!" उत्तर नाही.  माय मटकन खाली बसली.

आरडाओरडा ऐकून गाव खळ्यात जमलं. आलेला प्रत्येक जण वर बघायचा, मग एरंडेलाच्या डब्याकडे बघायचा, आणि मान डोलवायचा.

"वर बसाडीसन मोकयं व्हस का?" एकानं गंभीरपणे विचारलं.

"कोनता वैदनी सांगं?" दुसरा म्हणाला. "आमना बाबालेबी तीच तकलीफ शे."

मी कोणाला काय सांगणार? "निसणी आना!" मी ओरडलो. कोणीतरी शिडी आणली, ती आम्ही सुपाला टेकवली आणि मी चढायला लागलो. माझ्या हातापायांना एरंडेल. दोन पायऱ्या वर, एक खाली, असा तो प्रवास चालला होता. भीती उंचीची नव्हती. वर काय दिसेल याची होती. शेवटी सुपाच्या कडेवर हनुवटी टेकवून मी आत पाहिलं.

आप्पा जिवंत होते. डोळे उघडे, नदीवर लागलेले. डावा हात घोंगडीवर शांत पडलेला. मी किती वेळ तसा लटकत होतो कोणास ठाऊक. मग त्यांनी मान न वळवता विचारलं,

"मळा?"

आता तिथं, त्या उंचीवर, समोर तापी दिसत असताना मी काय खोटं बोलणार? "गया, आप्पा."

"कव्हय?"

"भादवाना पूरम्हा."

"इहीर?"

"तीबी गई."

 खालून रतनकाका विचारत होते, "शे का? शे का?" मी पायानंच गप्प बसायची खूण केली आणि शिडीवरून जवळजवळ सुटलो.  चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि सरळ दाढीच्या खुंटांत गेलं. मला वाटलं, झालं. आता धक्का बसणार. आणि तो मी बसवला. औषधानं नाही, देवानं नाही, माझ्या हायड्रॉलिकनं!

मग आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.  ओठ जुळवत, एकेक शब्द ओढत त्यांनी विचारलं,

"तू... नई... बुडावं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतके महिने भिंतीकडे तोंड करून ते हेच बघत होते! बाजारची केळी पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखली होती. आपल्या मळ्यातलं केळ घरात येत नाही, म्हणजे मळ्याचं काहीतरी वाटोळं झालंय, हे त्यांना ठाऊक होतं. आणि ते कोणी केलं असेल याबद्दल त्यांच्या मनात एक क्षणही शंका नव्हती. आपण खाटेवर पडलो, आणि हा गाढव ते यंत्र घेऊन मळ्यात शिरला!

"नई हो आप्पा!" मी म्हणालो. "मी नई! तापीमायनी नेलं! पूरनी!"

आप्पांनी डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की मी घाबरून सुपाची कडा घट्ट धरली. पण तो श्वास परत आत गेला. तोंडाची चांगली बाजू जराशी हलली.

"मंग... बरं."

खाली माय रडत होती. मी वरून सांगितलं, "बेस शेतस आप्पा!" तर माय आणखीच रडायला लागली. तेवढ्यात आप्पा पुन्हा बोलले, "भूक."

मी खाली ओरडलो, "आप्पाले भूक लागनी!" खळ्यात जमलेल्या सगळ्या गावानं एकमेकांकडे बघितलं. "गुन उना," कोणीतरी भक्तिभावानं म्हणालं. एरंडेलाचा!

कमळनं खिचडी आणि तूप दिलं. मी एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं आप्पांना भरवलं. अर्धी खिचडी त्यांच्या पोटात गेली, अर्धी माझ्या बाहीत. पण ते खात होते. नदीकडे बघत, सावकाश चावत. मध्येच हातानं दाखवायचे: विहीर तिथं होती ना? आणि तो लिंब? मी हो म्हणायचो. खालच्या काठाकडे दाखवून एकदा म्हणाले, "बाबानी... लायेल." त्यांच्या वडिलांनी लावलेला मळा. एवढं बोलून त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मी खाली येऊन पाना हातात घेतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नळीचा जोड जरासा सैल करायचा, तेल हळूहळू सोडायचं, म्हणजे सूप हळूहळू उतरेल, असा माझा हिशेब. जास्त सैल झाला तर सूप आप्पांसकट धाडकन खाली! त्यामुळे रतनकाकांनी माझ्या मनगटाला दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि माय तेच पितळी पातेलं घेऊन खाली उभी होती. जोड सैल झाला. एरंडेलाची चिळकांडी माझ्या कपाळावर, नाकावर, उघड्या तोंडात. मी हललो नाही. तोंड मिटायचीही हिंमत झाली नाही, उगाच हात हलला तर काय घ्या! आप्पा मुंगीच्या चालीनं उतरत होते. कौलांखाली आले, भिंतीखाली आले, तापी दिसेनाशी झाली. शेवटची वीतभर उरली तेव्हा जोड निसटला आणि सूप दणकन जमिनीवर बसलं. आप्पांच्या तोंडून मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती अशी शिवी निघाली. तीही स्पष्ट, पूर्ण, न अडखळता!

आत खाटेवर नेल्यावर ते भिंतीकडे वळले नाहीत. दाराकडे तोंड करून झोपले.

मी मात्र पुढचे दोन दिवस परसाकडेच होतो. इतकं एरंडेल पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? गावातले लोक येऊन आप्पांची विचारपूस करायचे आणि माझी वाट बघत बसायचे.

गोष्ट इथं गोड होत नाही. नदीनं मळा परत दिला नाही. आप्पा पुढच्या अखजीच्या आतच गेले, उन्हाळा लागता लागता, एका पहाटे. पण गेले ते जेवूनखाऊन, माणसांत बसून. भेटायला कोणी आलं आणि मळ्याबद्दल हळहळलं, की ते डावा हात माझ्याकडे करायचे आणि एकेक शब्द ओढत सांगायचे, "तापीनी... नेलं. यानी... नई."

वडिलांनी चारचौघांत माझ्याबद्दल काढलेला चांगला शब्द तेवढाच. तो खरा ठरावा म्हणून पूर यावा लागला!